ऐंशीनंतर शहाण्णव

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून शाळेचा निरोप आला, त्याच आठवड्यात कॉलेजात निबंधाचा विषय लागला होता: शोध, साहित्य आणि समाजसेवा. वर्गातल्या निम्म्यांनी शोध म्हणून मोबाइल धरला, उरलेल्यांनी वीज. मला तिन्हींचं उत्तर आपल्या रंगमंचामागच्या खोलीत सापडतं, जिथे आम्ही पुस्तकं शिवायला आणि बांधायला शिकलो. बाकीच्या सरांनी आणि बाईंनी राग मानू नये, पण हे सगळं कार्यानुभवाच्या सरांविषयी होणार आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. छापलेलं त्यांना आवडणार नाही, आणि तुम्हाला ते सांगायची गरजही नाही.

सरांच्या मते छापखान्याच्या शोधाचं कौतुक फार झालं, शिलाईचं कोणी केलं नाही. मलाही आता तसंच वाटतं. आपल्या पोथ्या सुट्ट्या पानांच्या, दोन फळ्यांमध्ये ठेवून बासनात बांधलेल्या. वारा आला की अध्याय अंगणात. रोमन लोक गुंडाळ्या वाचत. शेवटचं वाक्य हवं तर सगळी गुंडाळी उलगडा. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत कोणीतरी पानं मधोमध दुमडून घडीतून दोरा ओवला आणि हवं ते पान बोटानं उघडता येऊ लागलं. कोणी ते केलं, त्याचं नाव इतिहासाला माहीत नाही. गटेनबर्ग त्यानंतर हजारावर वर्षांनी, १४५० च्या सुमारास. त्याचं छापील पुस्तकही याच दोऱ्यावर उभं राहिलं.

खोलीत आत शिरताच खळीचा वास. नव्या विद्यार्थ्यांना ती खळ कशी होते हे कोणी दाखवत नसेल, म्हणून सविस्तर लिहितो. शंभर ग्रॅम मैद्याला साधारण सातशे मिलिलिटर पाणी. त्यातलं दीडशे आधी थंडच घालून गुठळी मोडेपर्यंत मैदा कालवायचा, मग उरलेलं पाणी. आच मंद, आणि हात थांबवायचा नाही. मिश्रण पांढऱ्यावरून काचेसारखं झालं आणि पळीवरून पट्टी पडल्यासारखं ओघळलं की उतरायचं. घाईत मोठ्या आचेवर केलेली खळ बाहेरून शिजते, आत कच्चा मैदा राहतो. ती वाळल्यावर पापुद्र्यांनी सुटते. शेवटी चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून घालायचं, म्हणजे कसर आणि बुरशी लांब राहते. मोरचूद विष आहे. खळीचं भांडं स्वयंपाकघरात परत जात नाही, आणि ते भांडं ॲल्युमिनियमचं तर नकोच, कारण मोरचूद त्याला खातं. आपल्याकडे जूनमध्ये खळ दोन दिवस टिकते. चतुर्थीच्या सुट्टीआधी एकदा अर्धी बादली झाकायची राहून गेली होती. त्या वर्षीच्या दहावीला तो वास अजून आठवत असेल.

शिलाईचं पुस्तक दुरुस्त करायचं म्हणजे आधी ते पुरतं मोडायचं. पुठ्ठा सोडवा, कण्यावरची जुनी खळ ओल्या फडक्यानं मऊ करून सुरीच्या पाठीनं खरवडा, जुना दोरा कापा. मग फर्मे सुटे होतात. सोळा पानी फर्मा म्हणजे मधोमध दुमडलेली चार ताव, एकात एक. पानांचे आकडे मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण हरवलेलं पान आत्ता कळलं तर झेरॉक्स काढून चिकटवता येतं, शिवल्यावर कळलं तर सगळं पुन्हा. चोवीस सेंटीमीटर उंचीच्या पुस्तकाला घडीवर सहा भोकं: डोक्याकडून आणि पायाकडून दीड सेंटीमीटर सोडून दोन, आणि मध्ये सारख्या अंतरावर चार. भोकं आरीनं, सगळ्या फर्म्यांना एकाच पुठ्ठ्याच्या मापानं. हातानं अंदाजे पाडलेल्या भोकांचं पुस्तक उभं केलं की कणा जिन्यासारखा दिसतो.

दोरा किती घ्यायचा? पुस्तकाची उंची गुणिले फर्मे, आणि वर हातभर. बारा फर्म्यांना तीन मीटरच्या वर जातो. एवढा लांब दोरा गुंततोच, म्हणून निम्मा घेऊन मध्ये गाठीनं जोडायचा. गाठ फर्म्याच्या आत यावी, कण्यावर येऊ नये. दोऱ्याला मेण लावायचं. पहिल्या फर्म्यात बाहेरून सुई घालून आत-बाहेर करत शेवटच्या भोकापर्यंत जायचं, वर दुसरा फर्मा ठेवून उलट परतायचं, आणि सुटं टोक बांधायचं. तिसऱ्यापासून दर फर्म्याच्या शेवटी सुई खालच्या दोन फर्म्यांमधल्या टाक्यातून घालून साखळीची गाठ. दोरा ओढायचा तो कण्याच्या रेषेत, वर किंवा खाली. स्वतःकडे ओढला की कागद घडीवरच चिरतो. हे सर दर तासाला सांगत, आणि दर तासाला कोणाचा तरी कागद चिरत असे. जाड दोरा मजबूत असा गैरसमज सगळ्यांनाच असतो. बारा वेळा तो घडीत बसला की कणा फुगतो आणि पुठ्ठा मिटत नाही.

आता एका उलट्या फर्म्याची गोष्ट. ग्रंथालयाची एक जुनी कवितासंग्रहाची प्रत होती. दुपारचा तास, बाहेर धो धो पाऊस, खिडक्या लावलेल्या, आणि दिव्याखाली पाचजण एका टेबलाशी. शिवून झालं, खळ लागली, शिकंज्यात, म्हणजे पुस्तक दाबून धरणाऱ्या यंत्रात, रात्रभर राहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी प्रत उघडली, तर पान ८० नंतर पान ९६, तेही डोक्यावर उभं. सहावा फर्मा वरचा खाली होऊन शिवला गेला होता. ओरडा पडेल म्हणून सगळे टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. सरांनी ८१ ते ९६ पानांमधल्या कविता पुस्तक उलटं धरून, पानं मागून पुढे उलटत, शांतपणे मोठ्यानं वाचून दाखवल्या. एवढंच. मग पेन्सिल घेतली, दुसऱ्या एका पुस्तकाचे सुटे फर्मे हातात जुळवून धरले आणि त्यांच्या कण्यावर वरच्या डाव्या टोकापासून खालच्या उजव्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ मारली. कुठलाही फर्मा जागा सोडून गेला किंवा उलटा झाला की रेघ तिथेच तुटलेली दिसते. शिवण्याआधी रेघ बघायची, बस्स. तेव्हापासून त्या खोलीतून उलटा फर्मा गेला नाही. ती प्रत मात्र त्यांनी सोडवू दिली नाही. डाव्या खणात ठेवली, दर वर्षीच्या नव्या तुकडीला दाखवायला.

गोव्याला चुकीच्या छपाईची तशी जुनी परंपरा आहे, हे त्याच दिवशी कळलं. ६ सप्टेंबर १५५६ रोजी ॲबिसिनियाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, निघालेला छापखाना जहाजातून गोव्यात उतरला आणि पुढे गेलाच नाही. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात तो बसला. १५६३ मध्ये इथे छापलेलं पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताचं औषधींवरचं पुस्तक जगात पोचलं, पण छपाईतल्या चुकांसाठीही ते तितकंच गाजलेलं आहे. मला छपाईची अक्षरं जुळवणाऱ्या त्या जुळाऱ्यांबद्दल माया वाटते. परका ओला प्रदेश, अपुरे खिळे (छपाईची धातूची अक्षरं), आणि विषय जायफळ-लवंगांचा.

साहित्याबद्दलचं माझं मत याच्याच पुढचं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. मराठी ओव्या, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापलं. या तीनपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत आज कुठे सापडत नाही. आपल्यापर्यंत आलं ते लोकांनी हातानं उतरून घेतलेल्या प्रतींमुळे. त्यातली लंडनमधली प्रत देवनागरीत आहे. मंगळूरहून १९०७ मध्ये साल्ढाणांनी पुराण पुन्हा छापलं तेही हस्तलिखितांवरूनच. एखादी ओवी थोर की सामान्य यावर आमच्या कॉलेजात तासन्‌तास वाद चालतात. मला त्याआधीचा प्रश्न जास्त सतावतो: कोणाच्या घरात, कुठल्या फडक्यात, किती पावसाळे ती ओवी कोरडी राहिली? हा प्रश्न साहित्याचा नाही असं आमचे प्राध्यापक म्हणतात. म्हणू देत.

कोरडं ठेवणं हेही काही गूढ काम नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, बाहेरच्या भिंतीला तर कधीच टेकवायचं नाही. पुस्तकं घट्ट कोंबायची नाहीत, हात सहज जाईल एवढी मोकळी. बुरशी दिसली तर ओलं फडकं लावायचं नाही, ती कागदात आणखी आत जाते. पुस्तक आधी वाऱ्यावर सुकवून, नाकाला रुमाल बांधून, उघड्यावर कोरड्या ब्रशनं झाडायचं. ऊन दाखवायचं असेल तर सावलीतलं. वेखंडाची पुरचुंडी कपाटात असू दे, पण तिच्या भरवशावर राहू नका. आणि सेलोटेप! १९३० मध्ये अमेरिकेत निघालेला हा शोध पार्सलांना बरा. पुस्तकावर लावला की काही वर्षांत प्लॅस्टिक सुटून पडतं, चिकट मागे राहतो, पिवळा होऊन कागदात मुरतो आणि समोरच्या पानालाही धरतो. फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी आणि पातळ खळ पुरते. पट्टी कापायची नाही, पाण्याची रेघ ओढून हातानं फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही.

तंतूंवरून आठवलं. कुठलाही कागद अस्तराला घेण्याआधी तो दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा. ज्या घडीला कमी जोर लागतो त्या घडीच्या दिशेनं तंतू. ती दिशा कण्याला समांतर हवी. ओला कागद तंतूंच्या आडव्या अंगाला फुगतो; दिशा चुकली की कण्याशी लाटा येतात आणि त्या कुठल्याही शिकंज्यानं जात नाहीत. पुठ्ठ्याला बाहेरून कापड लावलं की वाळताना तो बाहेर ओढला जातो, म्हणून आतून अस्तर लावून तेवढाच ओढ द्यायचा. अस्तराखाली प्लॅस्टिकचा कागद घातला नाही तर ओल आत शिरते. उन्हाळ्यात एक रात्र दाबाखाली पुरते. पावसाळ्यात दोन धरा.

समाजसेवेचा भाग मी निबंधात सर्वांत कमी लिहिला, कारण तिथे सरांचं वागणं तेवढं सांगण्यासारखं आहे. पुस्तकपेढीला मार्चअखेर येणारी पाठ्यपुस्तकं बहुतेक शिलाईची नसायची, नुसती गरम गोंदावर चिकटवलेली. तो गोंद जुना झाला की कडक होतो, पुस्तक सपाट उघडलं की मधोमध तडकतो आणि पानं झडतात. अशांना कडेनं शिवावं लागतं: जुना गोंद खरवडून, कण्यापासून सहा मिलिमीटरवर तीन भोकं, दोरा मधल्या भोकातून सुरू करून दोन्हीकडे जाऊन परत मधल्यात गाठ. सहाच्या वर गेलात की भूमितीच्या आकृत्यांचा कोन शिलाईत जातो आणि मूल तो चुकीचा मोजतं. जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं आणून देणारे दाते पुष्कळ. सर ती हसून घेत, पण पेढीत ठेवत नसत. पेन्सिलनं लिहिलेली उत्तरं खोडून काढायचं काम मधल्या सुट्टीत, पावाच्या मऊ गाभ्यानं. पोदेराचा, म्हणजे आपल्या पाववाल्याचा, शिळा पाव त्यासाठी मुद्दाम राखलेला असे. पाव वापरला की कण झाडून काढायचे, नाहीतर मुंग्या.

आणि शिक्का. पुस्तकपेढीचा शिक्का मुखपृष्ठावर किंवा पहिल्या पानावर कधी पडला नाही. तो पान १७ वर, खाली कोपऱ्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात सर सगळ्या वर्गाकडून, नवी पुस्तकं असोत की पेढीची, एकाच रंगाच्या खाकी कागदाची कव्हरं घालून घेत. कोणाचं पुस्तक विकतचं आणि कोणाचं पेढीचं हे बाकावरच्या शेजाऱ्यालाही कळत नसे. आता कॉलेजात आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेतून हेच करतो, तेव्हा पहिल्या बैठकीत फलक कुठे लावायचा आणि फोटो कधी काढायचा यावर एक तास गेला. शिक्का पान १७ वर मारायचा हे एवढं तरी मी मान्य करून घेतलं आहे.

कार्यानुभवाच्या तासांना आता त्या खोलीत संगणक आहेत असं ऐकलं. असू देत, लागतातच. शिकंजा मात्र भंगारात गेला नसेल अशी आशा आहे. रंगमंचाच्या जिन्याखाली असेल. त्याचा स्क्रू गंजून बसला असेल तर हातोडा घालू नका, आट्या मोडतील. दोन दिवस रॉकेल सोडत राहा, चाक आधी उलटं पाव फेरा, मग सुलटं, असं थोडंथोडं. सुटला की सगळी आटी पुसून ग्रीस. आणि डावा खण उघडताना जपून. ८० नंतर ९६ येणारी प्रत त्यातच आहे, आणि तिचा कण्याकडचा दोरा, माझ्या अंदाजानं, अजून घट्ट असणार.