आमची वाटचाल: रश्श्याच्या गावात चाप

सोलापुरात मटणाच्या खानावळींची कमी नाही. काळ्या तिखटाचा रस्सा, कडक भाकरी आणि वर शेंगाचटणी, हे इथल्या लोकांनी कधीच पक्कं करून ठेवलंय. होटगी रस्त्यावरचं आमचं हॉटेल दुसऱ्या कामासाठी उघडलंय: मटणाचा जाड तुकडा, थेट विस्तवावर, रश्श्याशिवाय. परदेशात याला स्टेक म्हणतात आणि तिथे तो बहुतेक गोमांसाचा असतो. महाराष्ट्रात गायीबरोबर 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि सोलापूरकराची पसंती तशीही बोकडालाच. म्हणून आमची सगळी मांडणी बोकड आणि मेंढा या दोघांवरच आहे. बोकड शक्यतो उस्मानाबादी, आठ ते दहा महिन्यांचा, खच्ची केलेला.

सगळ्यात जास्त समजावून सांगावं लागतं ते 'ताजं' या शब्दाबद्दल. आपल्याकडे चांगलं मटण म्हणजे सकाळी कापलेलं आणि दुपारी चुलीवर चढलेलं. रश्श्यासाठी ते बरोबरच आहे. दीड-दोन तास उकळताना स्नायूंमधली चिवट जाळी विरघळते, रश्श्याला दाटपणा येतो आणि मटण हाडापासून सुटतं. चाप, म्हणजे फासळीचा हाडासकट तुकडा, मात्र विस्तवावर जेमतेम दहा मिनिटं असतो, एवढ्या वेळात ती जाळी विरघळणं शक्य नाही. त्यामुळे मऊपणा तव्यावर जाण्याआधीच मांसात यावा लागतो. कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात आणि साधारण दिवसभर तसेच राहतात. त्या वेळेतला चाप कितीही नीट भाजला तरी चामड्यासारखा लागतो. त्यानंतर मांसातलीच पाचकद्रव्यं तंतू हळूहळू सैल करत जातात. म्हणून आमच्याकडचा चाप कापल्यापासून चौथ्या किंवा पाचव्या दिवशी ताटात येतो. हे आम्ही मेनूच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, लपवायचं काही कारण नाही.

यात घाई केली तर फसगत होते. बोकडाचा सांगाडा लहान, अंगावर चरबी कमी, त्यामुळे तो फार पटकन गार होतो. कापल्यापासून पहिल्या दहा तासांत मांस 10 अंशांच्या खाली गेलं तर स्नायू आखडतात, आणि ते आखडलेपण पुढे कितीही दिवस टांगून ठेवलं तरी पुरतं सुटत नाही. बरं मटण आणायचं आणि लगेच फ्रीजरमध्ये टाकायचं, ही चूक भल्याभल्या स्वयंपाकघरांत होते. आम्ही पहिले दहा-बारा तास सांगाडा 15-16 अंशांच्या खोलीत आकड्याला टांगतो, मगच 1 ते 3 अंशांच्या कपाटात नेतो. दोन सांगाड्यांमध्ये चार बोटं जागा हवी. एकमेकांना चिकटले की तिथे ओल धरते, हात लावला तर बुळबुळीत लागतं आणि आंबूस वास येतो. असा भाग तासून वापरायचा नसतो, सरळ टाकायचा. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असताना कपाटाचं दार कितीदा उघडतं यावर सगळं अवलंबून असतं. पारा 5 अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिला, तर मटण मुरत नाही, नासतं. म्हणून तापमानाची वही दर चार तासांनी भरली जाते आणि वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत कपाटाला कोणी हात लावत नाही.

आता धंद्याचं गणित. बोकडाला काय किंवा मेंढ्याला काय, एका बाजूला तेरा फासळ्या. पुढच्या पाच खांद्याबरोबर, म्हणजे दस्ताबरोबर जातात. उरलेल्या आठांचे चाप. दोन्ही बाजू मिळून सोळा. एका फासळीचा चाप दीड सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे बाहेर खरपूस रंग येईपर्यंत आतून सुकून जातो. त्यामुळे दोन फासळ्यांचं मांस एकत्र ठेवून मधलं एक हाड काढून टाकतो, आणि असे दोन जाड चाप एका ताटात देतो. म्हणजे एका बोकडात चापांची ताटं चारच! सुरुवातीच्या मेनूत चापच मुख्य होते आणि बाकीचं तोंडी लावायला. तो मेनू टिकणं शक्यच नव्हतं, कारण चार ताटांसाठी अख्खा बोकड घ्यायचा आणि उरलेल्याचा खिमा करायचा, यात कोणाचाही हिशेब जुळत नाही.

म्हणून मेनू बोकडाच्या अंगाप्रमाणे फिरवला. रानाचे, म्हणजे मागच्या मांडीचे, हाडासकट आडवे काप, अडीच सेंटिमीटर जाड, मध्ये नळीचं गोल हाड: हा आमचा खरा स्टेक. दस्त झाकून 140 अंशांच्या भट्टीत चार-पाच तास. मान आणि नळ्या अळणीला, म्हणजे बिनतिखटाच्या पातळ रश्श्याला. छाटलेल्या मांसाचा खिमा होतो, आणि तो नेहमी पूर्ण शिजवायचा, 71 अंशांपर्यंत. अखंड तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात आणि विस्तवाने मरतात. खिम्यात तेच जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात.

कापण्याच्या हत्याराबद्दलही थोडं. सत्तूर आणि ओंडका रश्श्याच्या मटणासाठी ठीक. चापाला सत्तूर लावला की हाड फुटतं, बारीक कणी मांसात शिरते आणि दाताखाली येते. आम्ही दोन फासळ्यांमधून सुरी घालतो आणि पाठीचा कणा करवतीने कापतो. करवतीचा भुसा लगेच सुरीच्या पाठीने खरवडून काढायचा, राहिला तर तव्यावर आधी तोच जळतो आणि सगळा काप कडवट करतो.

मीठ वजनाच्या एक टक्का: 200 ग्रॅमच्या कापाला 2 ग्रॅम. ते भाजण्याआधी किमान पाऊण तास तरी लावायचं, नाहीतर अगदी तव्यावर टाकताना. मधल्या वेळेचं मीठ सगळ्यात वाईट. दहा-वीस मिनिटांत मीठ पाणी बाहेर ओढतं पण ते परत आत मुरलेलं नसतं, मग काप तव्यावर भाजण्याऐवजी वाफेवर शिजतो आणि राखाडी पडतो. कच्च्या पपईचा मोह आम्ही सोडला. तिचा रस आतपर्यंत पोचत नाही, वरचा थर मात्र लगदा करून टाकतो.

विस्तव बाभळीच्या कोळशाचा. पेटल्यावर अर्धा-पाऊण तास थांबायचं, कोळशावर राखेची पांढरी साय धरली की मगच जाळी ठेवायची. निखारे एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ. चरबी ठिबकून ज्वाळा उठली की काप विरळ बाजूला सरकवायचा. ज्वाळेवर पाणी मारलं तर राख उडून मांसावर बसते, ज्वाळेतच ठेवलं तर काजळी. जाड काप आधी विरळ बाजूला 50 अंशांपर्यंत आणतो, मग तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्हीकडून मिनिटभर. तव्याला तूप किंवा रिफाइंड शेंगदाणा तेल. घाण्याचं तेल आमच्या जिल्ह्याचं वैभव आहे, पण एवढ्या आचेला ते धूर सोडतं, त्याची जागा चटणीवर.

तापमान काट्याच्या थर्मामीटरवर बघतो, बोटाने दाबून नाही. तो दर सोमवारी तपासायचा: बर्फाच्या पाण्यात 0, उकळत्या पाण्यात 98.5. शंभर नाही, कारण सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचावर आहे आणि इथे पाणी आधीच उकळतं. शंभरवर जुळवलेला काटा आपल्याला रोज दीड अंशाने फसवतो.

'गुलाबी' मागितलं तर 60 अंशांवर उतरवतो. सहा-सात मिनिटं ठेवल्यावर ते आपसूक 63 पर्यंत चढतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा अखंड तुकड्यासाठीचा सल्लाही 63 अंश आणि वर तीन मिनिटं थांबा, असाच आहे. ताटात सुटणारं लालसर पाणी बघून "अहो, रक्त आहे हे" असं पाहुणे म्हणतात. ते रक्त नसतं, रक्त कापतानाच निघून जातं. स्नायूत मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन असतं, तेच पाण्याबरोबर उतरतं. तरी कोणाच्या मनाला पटत नसेल तर आग्रह करत नाही. अशा पाहुण्याला पूर्ण शिजवलेला चाप देण्यापेक्षा दस्त सुचवतो. चाप 71 अंशांच्या पुढे गेला की कोरडा होतो, दस्त 90 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय मऊच पडत नाही. पूर्ण शिजलेलं आवडतं म्हणजे आवड चुकली असं नाही, त्याला फक्त तुकडा वेगळा लागतो.

ताट गरम हवं, हा आमचा हट्ट. मेंढ्याची चरबी चाळीसेक अंशांवरच थिजायला लागते. एसीच्या खोलीत गार चिनी मातीच्या ताटात काप ठेवला की चार घासांत कडेला पांढरी कड धरते, आणि वर फ्रीजचं पाणी प्यालं की टाळूला मेणासारखा थर बसतो. "मेंढ्याला वास येतो" या तक्रारीतला बराचसा भाग हा थर असतो. आम्ही ताटं 60 अंशांवर तापवून ठेवतो, वरची जादा चरबी पाव बोटाएवढी ठेवून छाटतो, आणि पाण्याऐवजी आधी वाटीभर गरम अळणी देतो. अळणी दोन किलो हाडांना पाच लिटर पाणी, हळद, आलं-लसूण, चार तास मंद आचेवर. खळखळून उकळली की चरबी पाण्यात फुटते आणि अळणी गढूळ होते.

काळं तिखट मात्र हवंच, सोलापुरात त्याशिवाय ताट पुरं होत नाही. पण विस्तवाआधी लावलं तर ते जळतं. त्यामुळे 100 ग्रॅम लोण्यात 6 ग्रॅम काळं तिखट आणि 10 ग्रॅम जाडसर शेंगाचटणी फेटून, थंड करून, मुरलेल्या कापावर चकती ठेवतो. ती वितळत खाली उतरते तोवर ताट टेबलावर पोचलेलं असतं. सोबत पावाऐवजी कडक भाकरी: कापाचा उतरलेला रस टिपायला तिच्याइतकं काही चालत नाही, कारण ती लगेच विरघळत नाही.

वर्षाचा हिशेब पंचांगावर चालतो. आखाडात जागा मिळत नाही, श्रावणात स्वयंपाकघर बंद ठेवून धुराड्याची नळी आतून खरवडतो, कारण तिथे साचलेली चरबी पेटली तर विझवणं अवघड. सोमवारी, गुरुवारी आणि एकादशीला बोकड कमी घेतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी चाप रात्री नऊच्या आत संपतात, ते फोन करून राखून ठेवलेले बरे. अख्खं रान हवं असेल तर पाच दिवस आधी सांगावं लागतं. एक दिवस आधी सांगितलं तर ते मिळेल, पण मुरलेलं नसेल, आणि तसं आम्ही देत नाही.