फुटाला सात इंच

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या दीड फुटी भिंती, वर मंगळुरी कौलं. पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर आणि देवघर, मागे स्वयंपाकघर. गेल्या दोन पावसाळ्यांत मागचं पाखं, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, बसत गेलं, वाशांना वाळवी लागली, तेव्हा आप्पांनी ठरवलं की त्याच जोत्यावर नवं घर बांधायचं. तालुक्याच्या इंजिनिअरकडून नकाशा काढून आणला. तो आईपुढे ठेवला. तिने कागद दोनदा फिरवून पाहिला आणि बाजूला सारला. म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही ठरवाल ते खरं."

मला ते फार लागलं. त्या घरात सगळ्यात जास्त वेळ तिचा जातो. पहाटे चूल पेटते तिथपासून रात्री दाराला अडसर लागेपर्यंत. तिलाच घर ठरण्याआधी दिसू नये, हे मला पटेना. म्हणून घर आतून चालून बघता येईल असं कॉम्प्युटरवर उभं करायचं मी मनाशी धरलं. नोकरी डोंबिवलीत, म्हणजे हाताशी रात्रीचे दहा ते बारा आणि शनिवार-रविवार. पंधरा दिवसांत होईल असा माझा अंदाज होता. साडेचार महिने लागले.

पहिला आठवडा नुसता मापांनी खाल्ला. प्रोग्राम उघडला की एक कोरी जागा आणि तीन रंगीत रेषा. मी १२ टाकलं, खोली दिसेचना. भिंगाचं बटण दाबून जवळ गेले तेव्हा मुंगीएवढा चौकोन सापडला. फाइल मिलिमीटरमध्ये होती. माझ्या मनात बारा फूट, त्याच्या लेखी बारा मिलिमीटर. ते बदलून फूट केले आणि त्याहून मोठी चूक करून बसले, जी कळायला पुढे दोन आठवडे गेले. आपण तोंडाने 'दहा सहा' म्हणतो, म्हणजे दहा फूट सहा इंच. मी टाकलं १०.६. प्रोग्राम ते दशांश धरतो. १०.६ फूट म्हणजे १० फूट आणि सव्वासात इंच. एका खोलीत सव्वा इंच कुणाच्या लक्षात येणार? पण माजघर 'दहा दहा' आहे. १०.१० लिहिलं, ते झालं १०.१ फूट, म्हणजे १० फूट सव्वा इंच. जवळजवळ नऊ इंच गायब, एका नव्या भिंतीची जाडी! मागची भिंत पुढच्या भिंतीशी जुळत नव्हती आणि मी रात्रीमागून रात्री भिंती पुसून पुन्हा काढत होते. शेवटी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवर विचारलं, "मावशी, तू टिंब देतेस की फुटाची खूण देतेस?" त्या दिवसापासून मी प्रत्येक माप आधी वहीत इंचांत करून मगच टाकलं. १३० म्हणजे १३०, त्यात घोळ व्हायला जागाच नाही.

मग भिंती. भिंतीची रेघ कुठून काढायची हे कुणी सांगत नाही. भिंतीच्या मधून, बाहेरच्या कडेने की आतल्या? प्रोग्राम मुळात मधून धरतो. मी १० बाय १०ची खोली काढली, नऊ इंची भिंत दिली, तर आतून उरली सव्वानऊ बाय सव्वानऊ. शंभर चौरस फुटांतले साडेचौदा गेले. आपल्याकडे गवंडी आणि घरमालक बोलतात ते आतल्या मापात, कारण पलंग आत ठेवायचा असतो. हे साधं वाक्य कुठल्याही व्हिडिओत ऐकायला मिळालं नाही. व्हिडिओ करणारे भराभरा कळा दाबत जातात, कुठली कळ दाबली ते सांगत नाहीत, आणि त्यांची घरं लाकडी सांगाड्याची, चार इंची भिंतींची. मी एकेक व्हिडिओ दहा-दहा सेकंदांनी थांबवून वहीत लिहून घेत होते.

भिंती जुळल्यासारख्या दिसत होत्या, तरी जमीन भरत नव्हती. चारी बाजू बंद असल्याशिवाय जमीन तयारच होत नाही. मी सगळे कोपरे मोठे करकरून पाहिले. देवघराच्या कोपऱ्यात एक सूत फट होती. आठ सुतांचा इंच. गवंडी ती गिलाव्यात बुजवतो, इथे तिच्यापायी घराला जमीन मिळेना.

सगळ्यात जास्त रडवलं ते चिकटण्याने. या जातीच्या प्रोग्राममध्ये एकमेकांना टेकलेली कुठलीही दोन पृष्ठं एकजीव होतात. मी पडवीची भिंत सहा इंच ओढली, तर ओटी तिच्याबरोबर आली, खिडकी वाकडी झाली आणि खांब ताणून तिरका झाला. उपाय असा की प्रत्येक वस्तू काढली की लगेच तिचा गट करायचा, म्हणजे ती आपल्यापुरती राहते. हे शिकण्याच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवं होतं. मला ते कळलं तोवर अख्खं घर एक गोळा झालं होतं, सोडवणं शक्य नव्हतं. नव्याने सुरुवात. त्याच आठवड्यात लाइट गेली, जुन्या लॅपटॉपची बॅटरी दोन मिनिटंही टिकत नाही, आणि चार रात्रींचं काम गेलं. मी तशीच अंधारात बसून राहिले होते. सोडून द्यावं असं खरोखर वाटलं. पुढे दर अर्ध्या तासाला फाइल नव्या नावाने जपायची सवय लावली. शेवटची फाइल 'घर ६३' आहे.

भाच्याने तेव्हा एक शहाणपणाचा सल्ला दिला. म्हणाला, "मावशी, तू एकदम नवं घर काढतेयस. जे आहे तेच आधी काढ, आणि सपाट काढ." त्याने स्वीट होम थ्रीडी नावाचा मोफत प्रोग्राम घालून दिला. त्यात वर नकाशा आणि खाली तेच घर उभं दिसतं, दोन्ही एकाच वेळी. कागदावरच्या नकाशाचा फोटो मागे लावता येतो आणि एखाद्या माहीत असलेल्या लांबीवर रेघ मारून सांगता येतं की ही इतकी. बाकीची मापं त्यावरून बसतात. शिमग्याला गावी गेले तेव्हा टेप घेऊन आप्पा आणि मी जुनं घर मोजलं. आप्पा टेपचं टोक धरून उभे, मी आकडे लिहिते आहे, आई दारातून सांगते आहे की त्या कोनाड्याचं पण माप घे. आलेख कागदावर नकाशा काढला, फोटो काढून त्यात लावला. तीन संध्याकाळी लागल्या. जुनं घर पडद्यावर उभं राहिलं तेव्हा मला प्रथमच कळलं की माझा हात चुकत नव्हता. ज्या घरात मी कधी वावरले नव्हते ते काढताना काय चुकलंय हे डोळ्याला कळणार कुठून? आपल्या घरात दार तीन इंच सरकलं तरी लगेच खटकतं. मग मोठ्या प्रोग्रामकडे परत गेले ते याच मापांनिशी.

तयार वस्तूंच्या भांडारात सोफे होते, शेकोट्या होत्या, न्हाणीचे टब होते. चूल नव्हती, देव्हारा नव्हता, उंबरा नव्हता. उंबरा मी स्वतः केला, पाच इंच रुंद आणि चार इंच उंच. तो माजघराच्या दारात बसवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. वृंदावनही केलं. खोल्यांची नावं मराठीत घातली तर जोडाक्षरं फुटली, 'स्वयंपाकघर' चौकटी-चौकटींत आलं. फाँट बदलून पाहत शेवटी एकात नीट उमटलं. नावं इंग्रजीत ठेवायची नव्हती, कारण आईला वाचायची होती.

आता छप्पर. यावर मी पाच आठवडे घालवले आणि त्यातले चार वाया गेले.

छपराचं एक बटण असतं. भिंती निवडा, उतार सांगा, छप्पर आपोआप बसतं. उताराच्या चौकटीत मी ७ टाकलं, कारण आमचे सुतारकाका नेहमी सात म्हणतात. छप्पर जवळपास सपाट झालं. कोकणात त्यावर पहिल्या नक्षत्रातच तळं साचेल. वाढवत वाढवत गेले, कधी देवळाच्या शिखरासारखं झालं, कधी पडवी आत घेतली, कधी चारी बाजूंनी सारखी पागोळी, म्हणजे भिंतीबाहेर येणारं छप्पर, काढून पुढचं दारच झाकून टाकलं. शेवटी सुतारकाकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, फुटाला सात इंच धरा. पाणी थांबत नाय." फुटाला सात इंच! म्हणजे आडवं बारा इंच गेलं की उभं सात इंच चढायचं. चौकट अंश मागत होती आणि मी तिला इंच देत होते. त्याच चौकटीशेजारी एक बारीक बाण होता. तो दाबला तर दुसरा पर्याय निघाला: बाराला किती. परदेशातले सुतारही उतार असाच बोलतात, बारा इंचांना इतके इंच. तिथे ७ टाकलं. छपराने आपल्या घराचा उतार घेतला, तीस अंशांहून किंचित जास्त. चार आठवडे जे अडलं होतं ते काकांच्या एका वाक्याने सुटलं.

तरी पडवीवर ते नीट बसेना. मग मी आपोआपचं बटण सोडूनच दिलं आणि काका चढवतात तसं चढवलं. आधी आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड. मग एक वासा, त्याच्या दोन-दोन फुटांवर नकला. त्यावर रिपा, त्यावर कौलं. घर आडवं चोवीस फूट, म्हणजे अर्धं बारा, म्हणजे आढं भिंतीपेक्षा सात फूट वर. दोन फूट पागोळी धरून प्रोग्रामने वाशाची लांबी दाखवली १६ फूट अडीच इंच. काकांना विचारलं. ते कागद न घेता म्हणाले, "साडेसोळा फुटी मागवा, कापायला लागतंच." त्यांनी हे शिक्षण कुठल्या पडद्यावर घेतलेलं नाही, आणि माझ्या साडेचार महिन्यांत मला मिळालेला सगळ्यात चांगला शिक्षक तेच. कौलांचा पोत भांडारात नव्हता, म्हणून आमच्याच कौलाचा फोटो काढून लावला. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, त्या घराण्यातली ही कौलं. छपरावर पसरली तेव्हा पडद्यावरचं घर गावातलं झालं.

जिन्याबद्दल थोडक्यात सांगते. माळ्यापर्यंत दहा फूट चढायचं, म्हणजे १२० इंच. सात इंचांच्या आसपास पायरी धरली तर सतरा चढ आणि सोळा पायऱ्या येतात. दहा इंच रुंदीच्या पायऱ्यांना तेरा फूट चार इंच जागा लागते. इंजिनिअरच्या नकाशात नऊ फूटच होते. कागदावर ते कुणाला दिसलं नव्हतं, पडद्यावर जिना शिडीसारखा उभा राहिला तेव्हा दिसलं. आप्पांचे गुडघे बघता आम्ही मध्ये वळण घेतलं.

उन्हाचंही या प्रोग्रामने शिकवलं. त्यात आधी कुठलं तरी परकं गाव लावलेलं होतं, सावल्या सगळ्या उत्तरेला लांब पडत होत्या. आपलं गाव लावलं तर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडूनच येतो हे दिसलं. आणि एप्रिलमध्ये दुपारी चारला मागच्या खिडकीतून ऊन थेट चुलीपर्यंत. मागची पागोळी तीन फूट केली.

गणपतीला लॅपटॉप घेऊन गावी गेले. ओटीवर, पाटावर ठेवला. आई शेजारी बसली. चालण्याचं बटण दाबून मी तिला खळ्यातून पडवीत, ओटीवर, माजघरात नेलं. ती बघत होती, बोलत नव्हती. स्वयंपाकघरात पोहोचलो तेव्हा म्हणाली, "मी एवढी उंच कुठे आहे?" बरोबर होतं. डोळ्यांची उंची साडेपाच फूट लावलेली असते. ती कुठे बदलायची ते मला ठाऊक होतं. आई भाकऱ्या चुलीपुढे पाटावर बसूनच करते. मी अठ्ठावीस इंच टाकले आणि तिला चुलीपाशी बसवलं, तोंड पुढच्या दाराकडे.

समोर भिंत आली.

आई लगेच म्हणाली, "बेडं दिसत नाही." जुन्या घरात स्वयंपाकघराचं, माजघराचं आणि ओटीचं दार एका रेषेत आहे. चुलीपुढे बसलं की थेट खळ्यापलीकडचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि त्यातलं बेडं, म्हणजे फाटक, दिसतं. कोण आलं, गुरं शिरली का, पोरं शाळेतून परतली का, हे ती पन्नास वर्षं तिथूनच बघत आलीय. नव्या नकाशात माजघराचं दार कपाटासाठी सरकवलं होतं. आम्हा कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दार गटात होतं, त्यामुळे भिंत न हलवता ते एकटं सरकलं. दोन फूट तीन इंच उत्तरेला. पडवीचा कठडाही दहा इंचांनी उतरवला. मी पुन्हा तिला चुलीपाशी बसवलं. तीन दारं एकामागून एक उघडली, त्यापलीकडे खळं, वृंदावन, गडगा. आई पुढे वाकली, पदराने चश्मा पुसला आणि बोट पडद्यावर ठेवलं.

"हां. हे बेडं," म्हणाली. मग आप्पांना हाक मारली, "अहो, या इकडे. गवंड्याला सांगा, दार इथेच पाहिजे."