शिट्टी होईपर्यंत

व्यायामावरचा कुठलाही सल्ला घ्या. सकाळी अर्धा तास लवकर उठा, बूट घाला, बाहेर पडा. वाचताना सगळं सोपं वाटतं, कारण त्या वाक्यांच्या आड एक माणूस लपलेला असतो. तुम्ही बूट घालून बाहेर पडता तेव्हा घरात झोपलेल्या मुलाजवळ जो थांबतो, तो. कूस बदलून ‘ये जाऊन’ म्हणणारा. सल्ला देणाऱ्याच्या घरात तो कायमचाच असतो, म्हणून त्याच्या ध्यानातही येत नाही. आमच्या घरात तो नाही. आठ वर्षांचा मुलगा आहे, मी आहे आणि दाराला एक लॅच आहे. पण झोपलेल्या पोरावर लॅच ओढून भागशाळा मैदानाला फेऱ्या मारायला जाण्याइतकी माझी छाती नाही.

म्हणून ‘स्वतःसाठी वेळ काढायला हवा गं’ असं कुणी म्हणालं की मी नुसती मान डोलावते. वेळ काढीनही एखादे वेळी. माणूस कुठून काढू?

बाकी डोंबिवलीतला आमचा दिवस हालचालीचाच. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सकाळी दोन डबे, दप्तर, हरवलेला एक पायमोजा, खाली रिक्षावाल्या काकांचा हॉर्न आणि मग सव्वाआठची फास्ट. लेडीज डब्यात दोन सीटांच्या मधे उभं राहायला मिळालं तरी नशीब, चौथ्या सीटची भाषा दादरनंतर. संध्याकाळी हेच सगळं उलट्या दिशेने. त्यात भर म्हणजे पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं असतं, त्यामुळे स्टेशनचा मधला पूल अर्धवट पळत. उशीर झाला तर पाळणाघराच्या काकू काही बोलत नाहीत, फक्त मुलाला बूट घालून, दप्तर पाठीला लावून, दाराशी बसवून ठेवतात. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

ऑफिसातली एक मैत्रीण हे ऐकून म्हणाली, “एवढी धावतेस, तुला आणखी व्यायाम कशाला?” प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने जवळपास याच प्रश्नाचं उत्तर लंडनच्या दुमजली बसमध्ये शोधलं होतं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करत, पाचशेच्या वर पायऱ्या. दोघांचा पगार, वस्ती, हवापाणी साधारण सारखं. आणि हृदयविकार कंडक्टरांना कमी. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे बेस्टचे कंडक्टर आले, काखेत तिकिटांची पत्र्याची पेटी, हातात पंच टिकटिकवत डबलडेकरचा अरुंद जिना चढणारे. त्या जुन्या डबलडेकर २०२३च्या सप्टेंबरात रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्यांच्या कंडक्टरांना हा अभ्यास कुणी सांगितला होता की नाही, कोण जाणे. निदान जिन्याला शिव्या घालताना थोडं बरं वाटलं असतं.

मॉरिस मला आवडला तो मात्र पुढच्या भानगडीमुळे. स्वतःच्याच निष्कर्षावर त्याने आणि सहकाऱ्यांनी संशय घेतला आणि १९५६ साली बसवाल्यांच्या गणवेशाच्या पँटी तपासल्या. कंबरेची मापं पाहिली, तर तरुणपणीच ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी. म्हणजे मुळातच जाडसर माणसं स्टिअरिंगकडे आणि काटक माणसं जिन्याकडे जात असावीत, सगळं श्रेय काही जिन्याला देता येत नाही. तेव्हापासून व्यायामाबद्दल कुणीही काहीही छातीठोक सांगितलं, की मी मनातल्या मनात विचारते, पँटीची कंबर पाहिलीत का?

आमच्या तीन मजल्यांच्या साठेक पायऱ्या म्हणजे लंडनच्या कंडक्टरपुढे काहीच नाहीत. शिवाय माझी धावपळ अशी, की तिच्यात पाय दमतात, खांदे दुखतात आणि दम वाढत नाही. पुलावरून पळताना मनात पाळणाघराचं घड्याळ असतं, जिना चढताना एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात पोराचं बखोट. शरीर वापरलं जातं खरं, पण त्याची निगा राखली जाते असं म्हणवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं माप सगळ्यांना ठाऊक असतं, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं चांगला दम लागेल असा. त्याच्या पुढचं वाक्य लोक सहसा विसरतात. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही करायचा आहे, आणि तो चालण्यात येत नाही. पण मला महत्त्वाची वाटली ती त्यांनी गाळलेली अट. २०१०च्या सूचनांत असं होतं, की व्यायाम सलग दहा मिनिटं तरी झाला पाहिजे, तरच हिशेबात धरायचा. २०२०च्या नव्या सूचनांत ही अट काढून टाकली. वर्तमानपत्रांनी तिची फारशी दखल घेतली नाही. माझ्यापुरती ती पहिल्या पानाची बातमी होती, कारण आमच्या घरात सलग दहा मिनिटं काहीच होत नाही. आंघोळसुद्धा नाही. “आई, पाणी.” “आई, माझी चौरेघी वही?” “आई, डायनासोरला घाम यायचा का?” त्या शेवटच्या प्रश्नाला तर बाथरूमच्या दारातून उत्तर द्यावं लागलं होतं.

मग २०२२ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आणखी एक अभ्यास आला. ब्रिटनमधली पंचवीस हजारांहून जास्त माणसं, आपण फावल्या वेळात व्यायाम करत नाही असं स्वतःच सांगणारी. त्यांच्या मनगटावर यंत्रं बांधली. रोजच्या कामांतच दिवसातून तीनेक वेळा मिनिट-दोन मिनिटं धाप लागेल अशी घाई ज्यांची होत होती, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं. पँटीची कंबर इथेही पाहायला हवी, मुळात ठणठणीत असलेलाच माणूस गाडी पकडायला धावत असेल. तरी मधल्या पुलावर मी तेव्हापासून थोडी जास्त उत्साहाने धावते.

खरा मुक्काम मात्र सापडला स्वयंपाकघरात. कुकर चढवला की पहिली शिट्टी होईपर्यंतचा वेळ हा घरातला एकमेव वेळ, जेव्हा मला ओट्यापाशी थांबावं लागतं आणि करायला काही नसतं. पूर्वी त्या वेळात मी मोबाइल बघत असे. आता बैठका काढते. ओट्याची कड धरून, पाय खांद्यांइतके फाकवून, अगदी आखाड्यातल्यासारख्या नाहीत, पण मांड्यांना कळतील अशा. दुसऱ्या शिट्टीपर्यंत ओट्याला हात टेकून तिरके जोर. जमिनीवरचे मला अजून येत नाहीत, ओट्यावरचे येतात. जिमवाली मैत्रीण याला हसते. तिच्या जिममध्ये वरणभात होत नाही.

सूर्यनमस्कारही करून पाहिले. आम्हा मराठी माणसांना सूर्यनमस्काराचा अभिमान असतो, आणि त्यात औंधच्या पंतप्रतिनिधींचा, भवानराव ऊर्फ बाळासाहेबांचा वाटा मोठा. साताऱ्याकडच्या त्या छोट्या संस्थानाच्या राजाने स्वतः आयुष्यभर नमस्कार घातले, घरच्यांना घालायला लावले, संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले. त्याच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण राजवाड्यात नमस्कार घालताना पाठीवर कुणी चढत नसणार. आमच्याकडे सोफा आणि टीपॉय यांच्यामध्ये माझ्या उंचीची जागा निघते, तिथे मी हात टेकून आडवी झाले की चिरंजीवांना घोडा दिसतो. वजन चोवीस किलो. त्याला पाठीवर घेऊन एक नमस्कार पुरा झाला तर स्नायूंच्या व्यायामाचा आठवड्याचा कोटा भरला असं मी समजते, संघटनेने काहीही म्हणावं.

आमच्या आज्यांनी यावर काय तोडगा काढला होता, तर मंगळागौर. श्रावणातल्या मंगळवारी रात्रभर फुगडी, झिम्मा, पिंगा, आगोटापागोटा, लाट्या. त्यातली बसफुगडी कधी घालून बघा, उकिडवं बसून उड्या मारत पाय पुढे टाकायचे, दोन मिनिटांत मांड्या भरून येतात. पूजा आटोपली की उरलेली रात्र म्हणजे बायकांसाठी बांधलेला व्यायामशाळेचा वर्गच. आणि तो चालायचा का, तर आतल्या खोलीत एखादी आत्या, एखादी आजी पोरांना थोपटत बसलेली असायची. पुन्हा तोच लपलेला माणूस! मंगळागौरीचं आवतण मला आता येत नाही. पाच वर्षांची ती पूजा मी तीनच केल्या आणि पुढे नवराच राहिला नाही, म्हणजे आहे, पण दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या संसारात. पूजेचं मला फारसं वाटत नाही. फुगडीचं वाटायचं.

म्हणून एका पावसाळी रविवारी मुलालाच फुगडी शिकवली. मुलगे फुगडी घालत नाहीत असं त्याला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तो अगदी मनापासून घालतो. टीपॉय भिंतीला, पंखा पाचवर, हातांची अढी आणि गरगर. उंचीत फरक असल्यामुळे मला गुडघे वाकवून फिरावं लागतं, म्हणजे त्यातच बैठकही होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा, चेहरा तक्रारीचा. “तुमच्याकडे काय कांडण चाललंय का गं? माझ्या देवघरातली समई हलते.” मी माफी मागायच्या आत मुलाने सांगून टाकलं, की आई आणि मी फुगडी घालतोय. काकूंनी आत येऊन आमची एक फुगडी पाहिली आणि तक्रारीचा विषयच बदलला. “पाय जवळ घ्या. आणि अंग मागे टाकायचं, पुढे काय वाकताय? ओझं हातांवर यायला हवं.” मग सोफ्यावर बसून त्यांनी पुढचा अर्धा तास आमची उजळणी घेतली. जाताना म्हणाल्या, “माझी मालिका साडेआठला असते. याला पाठव खाली, आणि तू जा चालायला. घरात दणदण करण्यापेक्षा बरं.”

तेव्हापासून कामाचे दिवस मी भागशाळा मैदानावर साडेआठ ते नऊ असते. भराभर चालते, मोबाइल घरी ठेवते, कुणी ओळखीचं भेटलं तर हात हलवून पुढे जाते, कारण मालिका संपली की मुलगा परत माझा. फुकट काहीच मिळत नाही. कुणाची सून कुणाचे दागिने घेऊन पळाली हे तो मला जेवताना सविस्तर सांगतो आणि कालपासून एका खलनायिकेची भुवई उडवायची सवय त्याला लागली आहे. काकूंना आणून द्यायची भाजीही आता माझ्याकडे आली, गवार कोवळी नसेल तर परत जाते.

ही सोय बारमाही नाही. काकू दिवाळीनंतर लेकीकडे नाशिकला जातात त्या संक्रांत करूनच येतात. तेवढे दिवस पुन्हा ओटा आणि कुकर. मोजायला मुलगा असतो, आणि शाळेतल्या पी.टी.च्या सरांकडून त्याने एक नियम उचललाय, टाच उचलली की बैठक बाद. परवा दोन शिट्ट्या झाल्या तरी त्याच्या हिशेबाने माझ्या जेमतेम सहा भरल्या होत्या. मी म्हटलं गॅस बंद कर, डाळ शिजली. तो म्हणाला, शिजू दे अजून.