पैंजणाचा डाख आणि ब्युटेनची ज्योत

आईच्या पैंजणाची कडी सुटली होती. दुकानात टाकलं असतं तर लगेच जोडून मिळालं असतं, पण मला हे काम शिकायचंच होतं. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, ओळखीच्या कारागीर काकांना विचारलं. ते म्हणाले, "ये की. पण आधी टॉर्च भरायला शीक, डाख नंतर." डाख म्हणजे सांधा जोडायला वितळवतात तो धातू.

ज्योतीच्या या छोट्या टॉर्चमध्ये ब्युटेन गॅस लागतो, लायटरमधलाच. घरच्या सिलिंडरमध्ये तो प्रोपेनबरोबर मिसळलेला असतो. शून्य अंशाच्या जरासा खालीच उकळत असल्यामुळे थोड्या दाबाखाली तो डब्यात द्रव राहतो. टॉर्च उलटा धरायचा आणि वरून डबाही उलटा, अगदी सरळ दाबायचा. निसटलेला गॅस बोटांना गार लागतो. तो हवेच्या जवळपास दुप्पट जड, जमिनीलगत साचतो. म्हणून दार उघडं ठेवायचं. देवापुढचा दिवा शांत झाल्याशिवाय काका डब्याला हात लावत नाहीत. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, या शुद्ध ब्युटेनला तो फारसा नसतो. नाकावर भरवसा ठेवायचा नाही. भरल्यावर काही मिनिटं थांबून मगच पेटवायचा.

मग कडी घासून स्वच्छ केली, तोंडं घट्ट जुळवली, टाकणखार (बोरॅक्स) लावला आणि डाखाचा बारीक तुकडा सांध्यावर ठेवला. चांदी ९६१ अंशांना वितळते, डाख त्याच्या आधी. ब्युटेनची ज्योत याहून कितीतरी तापते, त्यामुळे सगळा खेळ हात फिरता ठेवण्याचा. आतल्या निळ्या शंकूच्या टोकापुढे सर्वांत जास्त धग असते. "डाखाला तापवू नगंस, चांदीला तापव. गरम असंल तिकडं डाख आपणच पळतंय," काका सांगत होते. आणि खरंच, कडी दोन्ही बाजूंनी सारखी लालसर झाली तसा डाख चमकला आणि सांध्यात शिरला. तो क्षण बघण्यासाठी तरी हे काम एकदा करावं!

पुढे तुरटीच्या पाण्यात उकळणं, रिठ्याने घासणं, एवढंच.

आईच्या गळ्यातल्या साजाचा एक टाकाही सैल झालाय. तेही करू का, असं विचारलं तर काकांनी हातच जोडले. साजाच्या पानांत आत लाख असते, ज्योत लागली की ती वितळणार. तो साज त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला.