लग्नानंतरची फाईल मुलीच्या हातात असू द्या

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा झाला, गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये. मुलगा अमेरिकेत असतो. दुसऱ्याच दिवशी मावशीचा न्यू जर्सीला फोन. "अगं, तू या सगळ्यातून गेलीयेस. लग्नानंतर अमेरिकेला जायला कागद काय काय लागतात ते एकदा नीट लिहून पाठव. इथे प्रत्येक जण वेगळंच सांगतोय." लिहायला बसले आणि पत्र लांबत गेलं. मग वाटलं, नाशिकमध्ये अशी घरं बरीच असतील, सगळ्यांसाठीच लिहावं.

सगळ्यात आधी एक प्रश्न, तोही स्थळ बघतानाच विचारायचा: मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे, ग्रीन कार्डवर (म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यावर) आहे की एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर? आपल्याकडे पगार, घर, पत्रिका सगळं विचारतात आणि हे विचारायला संकोचतात. पण पुढची काही वर्षं यावरच ठरतात. नागरिकाच्या बायकोला व्हिसाच्या संख्येची मर्यादा नाही, अर्ज मंजूर झाला की फाईल पुढे सरकते. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोसाठी दरवर्षीचा कोटा असतो, म्हणून थांबावं लागू शकतं. आणि मुलगा एच-वनवर असेल तर नुसत्या लग्नाने ग्रीन कार्ड मिळत नाही. बायकोला एच-फोर, म्हणजे एच-वनवाल्याच्या बायकोचा, व्हिसा मिळतो आणि ग्रीन कार्ड त्याच्या नोकरीतून होणाऱ्या अर्जाच्या रांगेतून येतं. मुलाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामाही लागतो, तोही आधीच बघून घ्या.

माझा नवरा नागरिक आहे, त्यामुळे पुढचं सगळं त्या वाटेचं.

लग्नाची नोंदणी नवरा भारतात असतानाच उरकायची. आमच्याकडे त्याची सुट्टी संपायला बारा दिवस होते. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नवरा-नवरी दोघं हजर लागतात, शिवाय तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. आमचे गुरुजी लग्नानंतर लगेच त्र्यंबकेश्वरला पूजांना गेले. त्यांच्या एका सहीसाठी बाबांनी दोन खेपा घातल्या. म्हणून अर्जाचा नमुना आधीच आणून ठेवा आणि मांडवातच सही घ्या. कोर्ट मॅरेज करणार असाल तर 30 दिवसांची नोटीस लागते, ते दिवस सुट्टीत बसतात का ते मोजा.

आता नावाकडे येते, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ नावातच गेला. आपल्या नावात वडिलांचं नाव मधे असतं, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं येतं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं, फक्त 'मुलगी' आणि आई-वडिलांची नावं. महापालिकेत जाऊन ते नोंदवून घ्यावं लागलं, आणि त्यात गेलेले आठवडे लग्नाच्या आधी सहज वाचले असते. तर आजच दाखला काढून बघा.

ओळखीच्या एका एजंटाने आम्हाला ठणकावून सांगितलं होतं की पासपोर्टवर सासरचं नाव आल्याशिवाय अर्जच करता येत नाही. हे खरं नाही. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कुठेच नाही. मी माहेरचंच नाव ठेवलं, विवाह प्रमाणपत्र जोडलं, पुरलं. बदलायचं असेल तर खुशाल बदला, पण फाईल सुरू होण्याआधी बदला. अर्ध्यात बदललंत तर प्रत्येक कागदाला स्पष्टीकरण जोडत बसावं लागतं. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर ती मात्र नक्की भरून घ्या. नाही तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही', असं छापून येतं. मग बँकेपासून गाडीच्या लायसन्सपर्यंत ते निस्तरावं लागतं.

आपल्या गावाच्या नावाचंही तसंच आहे. जुन्या कागदांवर इंग्रजीत एच नसलेलं नासिक, नव्यांवर एच असलेलं नाशिक. त्याने फाईल अडत नाही, पण अर्जात पासपोर्टवर आहे तेच लिहा, सगळीकडे. (हे पासपोर्ट छापले जातात आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. अर्ज भरताना ते आठवलं आणि का कोण जाणे, बरं वाटलं.) तारखा लिहिताना अमेरिकेत महिना आधी असतो, हेही विसरू नका.

प्रवास थोडक्यात असा. नवरा तिथून आय-130, म्हणजे बायकोला बोलावण्याचा अर्ज भरतो, ऑनलाइन भरला तर 625 डॉलर. तो मंजूर झाला की फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे कागद तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडे जाते. तिथे 325 आणि 120 डॉलर अशी दोन शुल्कं, तुमचा डीएस-260, म्हणजे व्हिसाचा अर्ज आणि नवऱ्याचं आय-864, म्हणजे बायकोला पोसण्याची कमाई आहे असं हमीपत्र. त्याचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के तरी हवं, कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो. शुल्कं बदलतात, भरायच्या दिवशी सरकारी साइटवर बघा.

पोलिसांचं पीसीसी, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतं, 500 रुपयांत. मराठी कागदांचं भाषांतर लागतं, पण ते अमुकच माणसाकडून हवं असं नाही. दोन्ही भाषा नीट येणाऱ्याने 'भाषांतर अचूक आहे आणि मला या भाषा येतात' असं लिहून सही केली की चालतं. त्याच एजंटाने आमच्याकडून अपॉस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याचे पैसेही घेतले. अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी अपॉस्टिल मागतच नाहीत.

लग्न खरं आहे हे दाखवायला नुसते स्टेजवरचे फोटो पुरत नाहीत. हळदीचे, आजीच्या पाया पडतानाचे, दोन्हीकडच्या माणसांत बसलेले फोटो ठेवा. विमानाची तिकिटं, एकत्र प्रवासाच्या पावत्या, एकमेकांना पाठवलेले पैसे जपा. लग्न ठरवून झालं असेल तर तसंच सांगा. व्हिसाच्या मुलाखतीत मला मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत विचारलं, "स्थळ कोणी आणलं?" मी म्हटलं, मामीने. पुढचे प्रश्न सासरी कोण कोण असतं, नवरा काय काम करतो, एवढेच. मेडिकल मुलाखतीआधी मुंबईत नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच होतं. पंचवटी एक्सप्रेसच्या भरवशावर सकाळची मुलाखत ठेवू नका, आदल्या दिवशीच जा. आम्ही डोंबिवलीला आत्याकडे राहिलो. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, तो सोबतच्या माणसाकडे द्या.

आणि आता मावशी, तुझ्यासाठी खास. अमेरिकेत उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर मिळणारं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं असतं. ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत कार्ड कायम करण्याचा आय-751 अर्ज करायचा, नवरा-बायको दोघांनी मिळून. नवऱ्याने सही नाकारली तर सगळं संपलं, असं इथल्या कितीतरी मुलींना वाटतं. संसार बिघडला तरी मुली गप्प बसतात, कारण "कार्ड त्याच्या हातात आहे." ते खरं नाही. लग्न खरं होतं पण घटस्फोट झाला, किंवा घरात मारहाण, छळ झाला, तर बायको एकटी अर्ज करू शकते. नवऱ्याने दिलेली आय-864 ची हमीही घटस्फोटाने संपत नाही. हे लिहिताना हात थरथरतो, कारण यातलं काहीच माहीत नसल्यामुळे तीन वर्षं सोसलेली मैत्रीण माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते.

म्हणून फाईलचे केस नंबर आणि इनव्हॉइस नंबर मुलीकडे हवेत, ईमेल तिचा स्वतःचा हवा, पासवर्ड तिला पाठ हवा. पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, आय-864 ची प्रत, दर वर्षीचे टॅक्सचे कागद, सगळ्याचा एक संच तिच्या बॅगेत आणि एक नाशिकला. माझा पंचवटीत आईच्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली, निळ्या फाईलमध्ये. दर दिवाळीला मी नवीन प्रती पाठवते आणि आई त्या लावून झाल्या की फोटो पाठवते.