पानभर बी नाही अन् पूर्ण पैसे?

जुलै म्हणजे आमच्याकडे पीक विमा, सर्व्हर डाऊन अन् सातबारा हातात धरून दुकानासमोर उभे लोक. दारव्हा तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्या गडबडीतच एका शेतकरी उत्पादक कंपनीची जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरली, क्षेत्र समन्वयक पाहिजेत, बायोडाटा अन् कव्हर लेटर ईमेलने पाठवा. झालं, सकाळपासून पोट्टे मोबाईल घेऊन हजर.

सगळ्यांचं पत्र एकच. एआयकडून लिहून आणलेलं गुळगुळीत इंग्रजी, मी मेहनती आहे, टीममध्ये काम करू शकतो वगैरे. एकाच्या पत्रात तर चौकोनी कंसात 'कंपनीचे नाव लिहा' तसंच राहिलेलं. एआयला माझी हरकत नाही, मी पण वापरतो, पण तुम्ही स्वतःबद्दल त्याला काही सांगितलंच नाही तर तो बिचारा काय लिहिणार.

दुपारी एक मुलगी आली, बी.ए. झालेली, सोबत वडील. मी टाइप करायला बसलो तर काकाच सांगायला लागले, "लिहा, घरची परिस्थिती हलाखीची आहे, कोरडवाहू शेती, मागच्या साली नापिकी, लेकीले नोकरीची लय गरज आहे, तरी मायबाप सरकारनं..."

"काका, सरकार नाही, कंपनी आहे."

"मंग कंपनीनं. पण दया आली पायजे ना त्यायले."

काकांचंही चूक नाही, त्यांचा जन्म तहसीलीत अर्ज देण्यात गेला. पण इथे वाचणाऱ्याला एकच बघायचं असतं, आपलं काम या माणसाकडून होईल का. गरज तर अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच आहे.

मी मुलीला जाहिरात मोठ्यानं वाचायला लावली. काम होतं कपाशीवरच्या बोंडअळीसाठी शेतकऱ्यांना कामगंध सापळे (मादीच्या वासानं अळीचे नर पतंग ओढून पकडणारे) लावायला सांगायचं अन् नोंदी गोळा करायच्या. विचारलं, यातलं काही केलं आहे का? तर म्हणे, "नाही दादा, अनुभव काहीच नाही." तेवढ्यात काका बोलले, "काऊन नाही? ते पाखरं कोण मोजत होतं मंग?"

आणि मग कळलं. मागच्या हंगामात कृषी सहायकांनी सांगितलं म्हणून यांनी घरच्या कपाशीत एकरी दोन सापळे लावले होते, ही रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहायची. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, हे तिला तोंडपाठ. शेजारच्या दोन घरच्या बायांनाही तिनंच सापळे लावायला लावले, लूर म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी कधी बदलायची ते दाखवलं. आणि ही म्हणते अनुभव नाही! बायोडाट्यात याचा एक शब्द नव्हता, तिथे नुसती दहावी, बारावी, एमएस-सीआयटी.

पत्र मग मराठीतच केलं कारण जाहिरात मराठीत होती. वर 'महोदय' नाही, जाहिरातीत ज्या मॅडमचं नाव होतं त्यांचंच नाव घातलं. पहिल्या ओळीत पद, दुसऱ्याच वाक्यात सापळे अन् वही, मग शेजारच्या बायांचं, शेवटी गाडीचं लायसन्स आहे, आजूबाजूच्या गावांत फिरायची तयारी आहे. मार्क अन् टक्के पुन्हा लिहिले नाहीत, ते बायोडाट्यात आहेतच.

काका अडून बसले, गरजेची एक ओळ तरी टाका. मी काही बोलणार तोच मुलगीच म्हणाली, "बाबा, गरज मुलाखतीत बी नाही सांगायची. काम येते ते सांगायचं." काका गप्प झाले, पण प्रिंट हातात आल्यावर पुन्हा सुरू, "अर्धंच तं लिहिलं, पानभर बी नाही, अन् पूर्ण पैसे?" दहा रुपये कमी घेतले, काय करता, मागे विम्याची लाइन ओरडून राहिली होती. फाईलचं नाव 'न्यू डॉक फायनल' होतं ते बदलून तिचं नाव आणि पद केलं, मेलच्या विषयातही तेच, आणि पाठवलं.

मुलाखतीला बोलावणं आलं. नोंदीची वही सोबत आणा असं सांगितलं म्हणून ती वहीची झेरॉक्स काढायला आली. म्हटलं, मूळ वहीच घेऊन जा ना. तर म्हणे बाबा देत नाहीत, यंदाचे पतंग त्यातच लिहायचे आहेत.