मगर, गरम, नगर, नरम: चार अक्षरांपासून सुरुवात

साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षरं शिकवायची ठरली की घरात पहिल्यांदा वर्णमालेचा तक्ता येतो. अ अननसाचा, आ आईचा. मूल आठवड्याभरात तो घडाघडा म्हणूही लागतं, पण मधल्याच 'ट'वर बोट ठेवलं की 'क'पासून म्हणत यावं लागतं. म्हणजे पाठ झालंय ते गाणं. अक्षराची ओळख अजून झालेलीच नाही.

म्हणून सुरुवातीला तक्ता बाजूला ठेवावा आणि चारच अक्षरं घ्यावीत: म, ग, र, न. या चारांतून लगेच शब्द होतात. मगर. तीच तीन अक्षरं जागा बदलून मांडली की गरम. गरममधला ग उचलून तिथे न ठेवला की नरम, मगरमधला म काढून न ठेवला की नगर. अक्षर हलवलं की शब्द बदलतो हे मुलाला स्वतःच्या हातानं दिसतं, आणि वाचनाची खरी गोडी इथे लागते. पोळी गरम आणि नरम असते हे त्याला माहीतच असतं.

पण अक्षराच्या आधी आवाज. एका कापडी पिशवीत मक्याचं छोटं कणीस, मूठभर गहू, वाटीभर रवा (डबीत घालून), एक रबर आणि खेळण्यातली नथ ठेवा. मुलानं हात घालून एकेक वस्तू काढायची आणि सुरुवातीचा आवाज सांगायचा: 'म'का, 'ग'हू, 'र'वा, 'र'बर, 'न'थ. वस्तू निवडताना एक चूक हमखास होते. 'म'साठी मासा आणि 'ग'साठी गाडी घेतली जाते. मासा 'मा'नं सुरू होतो, 'म'नं नाही. मोठ्यांना तो एकच वाटतो, पण मुलाचा कान बरोबर असतो आणि पाटीवरचा म त्याला मग पटत नाही. पहिल्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी नसलेलेच शब्द शोधा: मका, मगर, गवत, गजरा, रस, रवी, नळ, नख. मुलाचं नाव मात्र याला अपवाद. त्याचं पहिलं अक्षर, मात्रा असली तरी, चारांच्या जोडीला पाचवं घ्यावं. ते अक्षर मूल कधीच विसरत नाही.

अक्षरांच्या चकत्या घरीच करा. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा छान जाड असतो. ८ सेंटिमीटरचे चौकोन कापा आणि काळ्या मार्करनं अक्षर साधारण ५ सेंटिमीटर उंच काढा. प्रत्येकाच्या तीन तरी चकत्या हव्यात, नाहीतर शब्द मांडताना अक्षरं कमी पडतात. चकती उलटी धरली जाऊ नये म्हणून खालच्या कडेला हिरवी पट्टी ओढा, ती जमीन. ही खूण वर, लाल शिरोरेघेनं करायचा मोह होतो. तो टाळा. म आणि भ, घ आणि ध यांच्यातला फरक शिरोरेघेपाशीच आहे. भ आणि ध यांची रेघ तुटलेली असते, आणि सरसकट आडवी रेघ मारली की नेमका तोच फरक पुसला जातो.

नवं अक्षर देताना माँटेसरी पद्धतीतले तीन टप्पे फार उपयोगी पडतात. आधी फक्त सांगायचं: "हा म. हा र." मग मागायचं: "मला र दे. म उशीखाली लपव." आणि हे दोन-तीन दिवस सहज जमलं, की मगच विचारायचं: "हा कोणता?" घरी बहुतेक वेळा थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारली जाते, तीही पाहुण्यांसमोर. मूल गप्प होतं, आणि त्याला येत नाही असा समज होतो. चुकलं तर "नाही" म्हणू नका. "हा र" एवढंच सांगून पुन्हा मागण्याच्या खेळावर या. दिवसाला दहा मिनिटं पुरे, आणि मूल अजून मागत असतानाच थांबायचं.

गिरवण्यासाठी पूर्वी धूळपाटी होती, तिची जागा रव्याचं ताट घेतं. साधारण २५ सेंटिमीटरच्या सपाट स्टीलच्या ताटात अर्धी ते पाऊण वाटी जाडा रवा पसरा. बोट फिरवल्यावर तळाचं स्टील चमकलं पाहिजे. थर जाड झाला तर कडा ढासळून अक्षर बुजतं. मैदा बोटाला चिकटतो, तांदळाचं पीठ उडतं, आणि रांगोळी डोळ्यांत-तोंडात जाते म्हणून नकोच. हात कोरडे हवेत. आधी तुम्ही बोटानं अक्षर काढा, मुलाला त्याच रेघेतून बोट फिरवू द्या, मग ताट हलकेच हलवून पुसा. ते पुसणं मुलांना लिहिण्याइतकंच आवडतं. पेन्सिलीची घाई करू नये, बोटांत तेवढी ताकद यायला वेळ लागतो.

आपल्याकडे शिकवण्याचा 'ग म भ न' हा जुना क्रम वळणाच्या सारखेपणावर बसवलेला आहे आणि लिहायला शिकताना तो उत्तमच. ओळखीच्या खेळात मात्र म पक्का होईपर्यंत भ आणू नका. ब-व, घ-ध, ट-ठ-ढ यांचंही तसंच. च आणि ज थोडे उशिरा घ्या, कारण चमच्यातला च आणि चिमणीतला च कानाला वेगळे लागतात. ण आणि ळ यांनी शब्द सुरू होत नाही, तिथे शेवटचा आवाज ओळखण्याचा खेळ घ्यायचा: बाण, फळ, नळ. ॲ आणि ऑ २००९च्या शासन निर्णयानं वर्णमालेत आले आहेत. बॅट-बॉल खेळणाऱ्या मुलापासून ते लपवायचं कारण नाही.

आठ-दहा अक्षरं झाली की काना आणा. धुतलेली आइस्क्रीमची काडी म्हणजे काना! म-च्या उजवीकडे काडी उभी केली की मा, अशा दोन जोड्या की मामा. राम, नाग, मान, गार, नाना. सगळं त्या पहिल्या चार अक्षरांतच. शब्द वाचताना मूल ग… र… म… असं तोडून म्हणतं आणि अर्थ हाती लागत नाही. मग तुम्ही तेच थोडं भरभर म्हणा, पुन्हा आणखी भरभर. तिसऱ्या वेळी 'गरम' त्याच्याच तोंडून येतो.

कान्यानंतर दुसरी वेलांटी, कारण तीही उजवीकडेच येते आणि मी, मामी, नानी हे शब्द तयारच असतात. पहिली वेलांटी सगळ्यांत शेवटी. ती लिहायची आधी आणि म्हणायची नंतर, हे लहान मुलाला विचित्रच वाटतं. म्हणून चकती आधी मांडायची, तिचं नाव म्हणायचं, आणि मग पुठ्ठ्याची वेलांटी डावीकडून सरकवत आणून तिला टेकवायची.